वरणात गेलेल्या गोळ्या

आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा ताठ. म्हणून आई वरणात चिमूटभर सोडा टाकते, आणि नेरमधल्या पुष्कळ घरांत असंच चालतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा सगळा दोष तिच्यावर जाणार नाही.

आईच्या किडन्या जरा मंदावल्या होत्या. यवतमाळच्या डॉक्टरांनी आम्ल वाढलंय म्हणून तिला रोज तीन वेळा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. तिने विचारलं, "मले तं आंबट ढेकर येत नाही. मंग ह्या कायले?"

डॉक्टर उत्तर देणार, तेवढ्यात मीच सुरू झालो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. कोणी प्रश्न विचारला की मला गप्प बसवत नाही. मी सांगितलं, हे पोटातलं आम्ल नव्हे, रक्तातलं. शरीरात आम्ल रोज तयार होतं, किडनी ते लघवीतून बाहेर टाकते, आणि रक्ताचा सामू सात पूर्णांक चारच्या आसपास राहतो.

"सामू कोन?" आई म्हणाली.

पीएचला पुस्तकात सामू म्हणतात, त्याला मी काय करू! दरवर्षी वर्गातही कोणीतरी त्याला मामा जोडतंच. मी चिडलो आणि एका वाक्यात आटोपलं. "आई, हा आपला खायचा सोडाच आहे. गोळी केलेला."

एवढं तिला पक्कं समजलं.

त्यानंतर दोन महिने आमचं वरण असं काही मऊ होऊ लागलं की मी दोनदा मागून घ्यायचो. बायको आईला विचारायची, तुम्ही यात टाकता तरी काय? आई नुसती हसायची. गोळ्यांची पाकिटंही वेळेवर संपत होती, म्हणून मी तिच्या शिस्तीचं कौतुक सांगत फिरत होतो.

त्याच सुमारास आई घरापुढच्या ओट्यावर ताठ बसून खोल, भराभर श्वास घेऊ लागली. मला वाटलं, प्राणायाम सुरू केला. इतका आनंद झाला की शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मग मीही तिच्या बाजूला मांडी घालून बसू लागलो. माझा श्वास काही तिच्याइतका खोल जाईना, आणि खरं सांगतो, मी मनातून जळलोच.

एके दिवशी ती ताटावरून उठली ती भिंत धरून. तिला घेऊन यवतमाळ गाठलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. "काकू, गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या नं. वरनात टाकल्या. सोडाच हाय तं डाळीच्या गंजात टाकला का तोंडात टाकला, जाते तं पोटातच."

म्हणजे तिचं औषध आम्ही पाच जणांनी चवीने खाल्लं होतं. तिच्या वाट्याला एक वाटी.

"पण प्राणायाम रोज चालू आहे," मी घाईने म्हणालो.

"तो प्राणायाम नाही, सर," डॉक्टर म्हणाले. "रक्तात आम्ल वाढलं की श्वास आपोआप खोल होतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेवढंच आम्ल कमी होतं. किडनीचं काम फुप्फुसं ओढत होती. आणखी उशीर केला असता तर तीही थकली असती. आजच भरती करा."

आई जाईल की काय, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "काकू, इतका दम लागत होता तर घरी सांगितलं का नाही?"

"सांगितलं नं, डाक्टरसाहेब. रोज सांगितलं. पन हा बाजूले बसून म्हने, आई, बोलू नोको, लय तुटते."

मला मान वर करवेना. मग माझी बाजू सावरायला, श्वास घेत घेत तीच पुढे म्हणाली, "पन पोरगा हुशार हाय. शाळेत हेच शिकवते."