निवडलेला गहू

मराठीत 'निवडणे' हे एकच क्रियापद दोन कामांसाठी वापरले जाते. दुकानात पाच प्रकारच्या तांदळांतून एक पसंत करतो तेव्हाही आपण तांदूळ निवडतो, आणि घरी आणून ताटात पसरून त्यातले खडे वेचतो तेव्हाही तांदूळच निवडतो. मी पंचवीस वर्षे इंग्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवले, तरी माझ्या मनात हे दोन अर्थ कधी वेगळे झाले नाहीत. त्यापायी मिल्टन कीन्सबाहेरच्या एका रानातले फेझंट पक्षी, आणि त्यांच्याबरोबर एका माणसाचे एकतीस वर्षांचे काम, माझ्या हातून जवळजवळ गेलेच होते.

ते गृहस्थ आमचे शेजारी. वय चौऱ्याहत्तर, व्यवसायाने गेमकीपर, म्हणजे शिकारीसाठी सोडलेल्या पक्ष्यांची देखभाल करणारे. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. मुली मला 'मिस' म्हणत, म्हणून तेही म्हणू लागले, आणि मी निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते सोडले नाही. माझ्याहून वयाने मोठा माणूस कुंपणापलीकडून रोज 'मिस, मॉर्निंग!' अशी हाक मारतो, याचे पाहुण्यांना हसू येते. मला येत नाही.

ते सांभाळत त्या जागेला इथे 'शूट' म्हणतात. दहा-बारा जण मिळून रान घेतात, उन्हाळ्यात फेझंटची पिल्ले सोडतात, आणि नोव्हेंबरपासून ठरावीक शनिवारी हाकारे पक्ष्यांना झाडीतून उठवतात व बंदूकवाले नेम धरतात. अडचण अशी, की ऑक्टोबरपर्यंत या पक्ष्यांना कोणतेच कुंपण उरलेले नसते. फेझंट उडण्यापेक्षा चालणे पसंत करतो आणि मनात आले की चालत शेजारच्या जमिनीत जातो. त्याला रानात धरून ठेवते ते फक्त खाणे.

सप्टेंबरअखेरीस कीपरांचा गुडघा बदलायचा ठरला. सहा आठवडे त्यांना गाडी चालवायची नव्हती आणि रानात जायचे नव्हते. मी शाकाहारी आहे, त्यामुळे 'तू हे काम कशाला घेतलंस?' असे धाकट्या बहिणीने स्लाऊहून फोन करून मला दोनदा विचारले. उत्तर सरळ होते. त्यांना विचारायला दुसरे कोणी नव्हते, आणि त्यांनी मला विचारले होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार बश्या मांडल्या. वर्गात नमुने मांडावेत तशा, एका ओळीत.

"हा मका, भरडलेला," ते म्हणाले. "पिवळा रंग लांबून दिसतो, म्हणून पक्षी धावत येतात. पण नुसता मका घातलात तर लठ्ठ होतात आणि उडायचा कंटाळा करतात. माझ्यासारखे."

"आणि हे काळं सूर्यफूल?"

"थंडी पडल्यावर, मूठभर. हा गहू, तो तुम्हाला ठाऊकच आहे. आणि हे टेलिंग्ज."

चौथ्या बशीत मळणीनंतर उरलेला गहू होता. बारीक, सुरकुतलेले दाणे, तूस, काडीचे तुकडे आणि तणाच्या कसल्या कसल्या बिया. आमच्या घरी असे धान्य बशीत ठेवायची कोणाची हिंमत झाली नसती.

"मी जास्त करून हेच घालतो," ते म्हणाले. मी ते त्यांच्या काटकसरीचे लक्षण समजले आणि मनातल्या मनात त्यांची कीव केली. "पण तुम्ही रोज पक्षी बघा आणि निवडा, मिस. तुमची नजर चांगली आहे."

मग चहा ढवळत, माझ्याकडे न पाहता, त्यांनी उरलेले सांगितले. शूटचे कॅप्टन येऊन गेले होते. गेल्या हंगामात पक्षी रानात टिकले नव्हते. यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या शूटला या रानातून पक्षी उठले नाहीत, तर पुढच्या वर्षापासून हे रान सोडून द्यायचे, असे सगळ्यांचे मत पडले होते. रान सोडले की कीपरही नको.

"नवा गुडघा घेऊन मी मग करू काय?" ते म्हणाले. "म्हाताऱ्यांबरोबर बिंगो खेळू?"

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी आठला रानात जाऊ लागले. झाडीतल्या एका लांब वाटेवर गव्हाचे काड जाडसर अंथरलेले होते. त्यावर दाणे उधळायचे आणि शीळ घालायची. मला शीळ येत नाही. "कोणताही आवाज करा, फक्त रोज तोच," असे त्यांनी सांगितले होते, म्हणून मी घरची पितळी पळी नेली आणि बादलीवर तीन ठोके देऊ लागले. चौथ्या दिवशी पक्षी पळीला ओळखू लागले. तांबूस, लांब शेपटीचे नर मान पुढे काढून पळत येत, आणि मातकट माद्या त्यांच्या मागून, उशीर झाल्यासारख्या. एक मादी उजव्या पायाने किंचित लंगडत असे आणि नेहमी शेवटी येई. तिची मी वाट पाहू लागले, हे कबूल केले पाहिजे.

मी रोज पक्षी मोजत होते. एकशे अठरा, एकशे चौदा, एकशे सोळा. संध्याकाळी कीपरांचा फोन येई. ते फक्त "किती?" एवढेच विचारत.

टेलिंग्जचे पोते मला पहिल्या दिवसापासून खुपत होते. आपल्या हाताने, आपल्या पळीच्या आवाजावर बोलावलेल्या जिवांपुढे तूस आणि कचरा टाकायचा, हे मला जमेना. आठवडा संपताच मी पोते गाडीत घालून घरी आणले. बहिणीने पूर्वी कधी दिलेले सूप माळ्यावर होते, ते काढले, आणि मागच्या अंगणात बसून गहू चाळला, पाखडला, आणि शेवटी ताटात घेऊन निवडला.

माझे यजमान चहाचा कप घेऊन दारात आले. "अगं, पक्ष्यांना घालायचाय ना तो? की पोळ्या करून नेणारेस?"

"अहो, खडे आहेत यात."

"त्यांना दात नाहीत. आणि असे खडे-बिडे निवडत बसलीस तर शूट होऊन जाईल, तुझं पोतं संपायचं नाही."

"त्यांनी मला निवडायला सांगितलंय," मी म्हणाले, आणि ते खरेच होते.

नव्या, निवडलेल्या गव्हावर पक्षी तुटून पडले. मला अतिशय समाधान वाटले. दहा मिनिटांत काड साफ झाले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले, आणि एकामागून एक कुंपणाच्या फटीतून रस्त्यापलीकडच्या शेताकडे निघाले. पोट भरलेले आहे, फिरून येतील, असे मी मानले.

पुढच्या आठवड्यात एकशे तीन. मग शहाण्णव. मी गहू वाढवला, तर पक्षी बारा मिनिटे थांबले. मी मका मिसळला, तर पिवळे दाणे आधी वेचून ते आठ मिनिटांत गेले. बडीशेपेच्या वासाचे तेल धान्याला लावतात असे कुठे वाचून तेही केले. सगळी गाडी जेवणानंतरच्या बैठकीसारखी दरवळू लागली, पक्षी मात्र एकाहत्तर झाले. पुढे पुढे लंगडी मादीही येईनाशी झाली. एका सकाळी मी त्रेचाळीस मोजले. दोनदा मोजले. पहिल्या शूटला अडीच आठवडे उरले होते.

त्या संध्याकाळी फोन आला. "किती?"

"बरेच," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "मिस, माझ्या धाकटीला तुम्ही एकदा 'बरेच' लिहिलं म्हणून शून्य मार्क दिले होते. घरी येऊन रडली होती. आकडा सांगा."

मी आकडा सांगितला. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त वाईट वाटले. "उद्या मला तिथे न्या," एवढेच ते म्हणाले.

सकाळी यजमानांनी गाडी थेट वाटेच्या तोंडाशी नेली. कीपर दोन्ही कुबड्यांवर, इंच इंच करत, काडापर्यंत आले. मी पळी वाजवली, पक्षी आले, खाल्ले, गेले. कीपरांनी घड्याळ पाहिले. मग कुबडीच्या टोकाने काड उचकटले, वाकता येत नसल्यामुळे यजमानांना खालचे चार दाणे उचलून द्यायला लावले, आणि ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले.

"हा गहू कोणी धुतलाय?"

"धुतला नाही," मी म्हणाले. "निवडला. तुम्ही निवडा म्हणालात."

मी त्यांना 'निवडणे' या शब्दाचे दोन्ही अर्थ समजावून सांगितले. ते इतके हसले की यजमानांना त्यांचा दंड धरावा लागला.

"मिस, मिस! त्यांना पोटभर खाऊ घालायचं नाहीये, त्यांना गुंतवायचंय. एक दाणा, मग तूस, मग नावडतं बी, मग पुन्हा दाणा. उकरत बसले की संध्याकाळ होते, संध्याकाळ झाली की तिथेच झाडावर झोपायला चढतात. तुम्ही त्यांना वाढलेलं ताट दिलंत. जेवण झाल्यावर कोण बसून राहतं?"

"मी सांगत होतो," यजमान म्हणाले.

"तुम्ही पोळ्यांबद्दल बोलत होतात," मी म्हणाले.

परतताना मला माझे वर्ग आठवत होते. पंचवीस वर्षांत मी एकाही मुलाला उत्तर आयते सांगितले नव्हते. उलट, गणितात मुद्दाम एखादी नको असलेली संख्या घालून ठेवायची ही माझीच पद्धत होती, म्हणजे मुले शोधत राहतील, तास संपेपर्यंत रेंगाळतील. हे मला वर्गात ठाऊक होते. सूप हातात आले आणि मी ते विसरले.

घरी आल्याबरोबर मला आठवले, की पाखडलेला सगळा कचरा मी पिशव्यांत भरून कौन्सिलच्या हिरव्या डब्यात टाकला होता, आणि आज डबा न्यायचा दिवस होता. डबा फाटकाबाहेर उभा होता. कचऱ्याची गाडी शेजारच्या गल्लीत पोचली होती. मी चालत्या गाडीतून उतरले असे यजमान अजून सांगतात. ते खरे नाही, गाडी थांबत आली होती. पण डब्यात कमरेपर्यंत वाकून मी पाच पिशव्या बाहेर काढल्या, हे खरे आहे.

मग अंगणात बसून मी निवडलेल्या गव्हात तूस, काड्या आणि तणाच्या बिया पुन्हा मिसळल्या. हात मागे येत होते. आयुष्यभर जे बाहेर काढले ते स्वतःच्या हाताने आत घालणे सोपे नव्हते.

पक्षी एका दिवसात परतले नाहीत. त्रेचाळीस, पंचेचाळीस. पण ते आता उकरू लागले. पळी वाजवून मी तासभर उभी राहिले तरी काडाचा खसखस आवाज थांबत नसे. मग एकोणसाठ. ब्याऐंशी. शूटच्या आदल्या गुरुवारी एकशे सात, आणि सगळ्यांच्या मागून लंगडी मादी.

शनिवारी मी रानात गेले नाही. रस्त्याकडेला यजमानांबरोबर गाडीत काचा वर करून बसले. हाकाऱ्यांचा गलका ऐकू आला, मग पंखांचा मोठा फडफडाट, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. बंदुकांचे आवाज मोजायचे नाहीत असे मी ठरवले होते, आणि मोजले नाहीत.

दुपारी कीपर घडीच्या स्टुलावर बसले होते तिथे आम्ही गेलो. कॅप्टन त्यांच्याशी बोलत होते. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी कीपरांच्या पायाकडे पाहिले.

"पुढच्या वर्षी या काठ्या नसतील ना?"

"नसतील," कीपर म्हणाले.

कॅप्टननी मान हलवली आणि ते गेले. त्यांचे बोलणे एवढेच झाले. 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द मी मनात पुन्हा घोळवले आणि कीपरांकडे पाहिले. ते नाक शिंकरत होते, थंडी तशी फार नव्हती.

जाताना कोणीतरी मला पक्ष्यांची जोडी देऊ केली. "मिस घेत नाहीत," कीपर तत्परतेने म्हणाले. "मिस फक्त वाढतात."

शूटनंतर पक्षी पांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा बोलवावे लागते, म्हणून रविवारी आठला मी रानात होते. टेलिंग्ज उधळले, पळीचे तीन ठोके दिले, आणि थांबले. काही वेळ काहीच हलले नाही. मग झाडीतून एक नर आला, मग चार, मग पुष्कळ. उकरणे सुरू झाले. मी मोजत राहिले, आणि मोजून झाल्यावरही थोडी थांबले.

त्या दिवशी फोन संध्याकाळची वाट न पाहता नऊलाच आला, मी अजून रानातच होते.

"किती?"

"चौसष्ट," मी म्हणाले. "आणि आत्ता एक उशिरा आलीय. पासष्ट."