वजन उचललं, उभी राहिले नाही

पहिला राग आला तो बुटांचा. गडचिरोलीच्या दुकानदाराने "मॅडम, खास व्यायामाचेच आहेत" म्हणत जाड, मऊ तळव्यांचे बूट माझ्या गळ्यात मारले होते. ते घालून मी आलापल्लीतल्या एका टिनाच्या शेडमध्ये वजनाच्या बारपुढे उभी राहिले आणि शिकवणारे भाऊ पोट धरून हसले.

"गादीवर उभी राहून वजन उचलते का, बाई? काढ ते."

भाऊंनी उभं आयुष्य सागवानाच्या डेपोत लाकडं उचलली. निवृत्त झाल्यावर घरामागे शेड टाकली, बार आणि प्लेटा आणल्या आणि गावातल्यांना पॉवरलिफ्टिंग शिकवायला लागले. मी वनरक्षक. रस्त्यात खाकीत दिसले की ते मला मॅडम म्हणायचे, शेडमध्ये बाई. मी बूट काढले आणि अनवाणी पाय सिमेंटवर घट्ट बसले. त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला.

मी काही हौसेने गेले नव्हते. रोपवाटिकेत मातीचं घमेलं उचलताना माझी कंबर धरली आणि आठ दिवस अंथरुणात गेले. वय एकतीस. डॉक्टर म्हणाले, कंबर मजबूत करा. मला मात्र डोळ्यांपुढे माझी माय दिसत होती. मार्कंड्याच्या अलीकडे, वैनगंगेकाठी आमचं गाव, सगळं धानाचं. माय साठीची आहे आणि जमिनीकडे बघत चालते. समोरच्याचं तोंड बघायचं तर तिला मान तिरपी करावी लागते. मला तसं व्हायचं नव्हतं. हे मी भाऊंना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही.

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरायचा आणि सरळ उभं राहायचं. बस, एवढंच. त्या एवढ्याशासाठी मी दोन महिने बोलणी खाल्ली. बार नडगीला लावून ठेव. पोटात श्वास भर. पाठ ताठ कर. कोपर वाकवू नको. आमच्या घरी पोतं उचलायचं म्हणजे 'हुं' करून एक हिसका द्यायचा, तोच हिसका मी बारला द्यायचे.

"ते पोतं नाई!" भाऊ ओरडायचे. "आधी बारले ताण दे, मंग पायानं जमीन लोट. हिसका मारशीन तर दंडाची नस जाईन."

बेल्टचा तमाशा वेगळाच. शेडमधला एकुलता एक चामडी बेल्ट पुरुषांच्या पोटाच्या मापाचा होता. शेवटच्या भोकात अडकवला तरी माझ्या कमरेवरून घसरायचा, आणि पोरं खाली मान घालून हसायची. मी तो उचलून बाजारातल्या चपला शिवणाऱ्याकडे नेला. "बैलाचा हाय का?" त्याने विचारलं. "माझा आहे," म्हटलं. त्याने एकदा पट्ट्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मुकाट दोन भोकं पाडून दिली. मग कुणीतरी मला मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायच्या पट्ट्या दिल्या. वजन कसं अलगद वर आलं! मी खूश. भाऊंनी त्या पट्ट्या ओढून काढल्या आणि पत्र्यावर भिरकावल्या. "स्पर्धेत हे चालत नाई. सोताच्या हातानं धर." तळहाताची सालं निघाली, त्यावर पकडीसाठी चॉकची पूड चोळली की जीव जायचा. त्या दिवसांत मी घरी भांडी आपटायचे.

सहा महिन्यांनी वजन यायला लागलं. आणि तेव्हा खरी चूक बाहेर आली.

"तू अर्धी उभी राह्यते अन् ठेवून देते," भाऊ म्हणाले. "पुरी उभी काऊन नाई राहत?"

मी म्हटलं, राहते की. त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवलं. बार मांडीपर्यंत येत होता. गुडघे जरासे वाकलेले, खांदे पडलेले, मान खाली, आणि कुणी बघेल की काय अशा घाईने मी वजन खाली ठेवत होते. स्पर्धेत असं चालत नाही. गुडघे आणि खांदे सरळ करून ताठ उभं राहायचं, पंचाचा हात खाली येईपर्यंत आणि तो "डाउन" म्हणेपर्यंत तसंच थांबायचं. नाहीतर वजन उचलूनही उचललं नाही.

मला ताकद कमी पडत नव्हती. मला उभं राहायची लाज वाटत होती. आणि ती कुठून आली ते मला पक्कं माहीत होतं.

आमच्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, टोळीत एक नियम होता. बांधीत, धानाच्या खाचरात, पात धरली, म्हणजे बायकांची ओळ लागली, की मागच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकेपर्यंत कुणी कंबर सरळ करायची नाही. चिखलात गुडघाभर पाणी, डाव्या हातात रोपांची पेंडी, उजव्या हाताने लावत मागे सरकायचं. मध्येच जी उभी राहील तिचं नाव दिवसभर 'खांब'. "खांब उभा झाला व! पाव्हणे पाहून राह्यली का?" म्हणत सगळ्या फिदीफिदी हसायच्या. मी दहा वर्षांची होते तेव्हा पहिल्यांदा खांब झाले आणि बांधीतच रडले. ओळीची म्होरकी कोण होती? माझी माय. सगळ्यात मोठ्याने तीच हसली होती.

म्हणजे बघा, वीस वर्षं मी वाकून राहण्याची तालीम केली आणि ती मला माझ्या आईने दिली. मला मायचा राग आला. खरा, पोटातून आला. मी त्याच दिवशी तिला फोन केला आणि वाट्टेल ते बोलले. तू आम्हाला उभं राहू दिलं नाहीस, असंही बोलले.

"एक उभी झाली का समद्या उभ्या होतात," ती शांतपणे म्हणाली. "मंग बांधी कोण रोवते?"

मी फोन आपटला.

भाऊंनी माझं नाव घातलेली निवड स्पर्धा गडचिरोलीला होती. फक्त डेडलिफ्ट. तीन प्रयत्न, त्यातला एक तरी धरला गेला तर राज्याच्या यादीसाठी नाव पुढे जाणार, तिन्ही गेले तर इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात. सामान तपासणाऱ्या बाईंनी आधी माझे आखूड मोजेच नाकारले. नडगी झाकणारे लांब मोजे लागतात म्हणे. भाऊंनी पिशवीतून शाळकरी मोजे काढून माझ्या अंगावर फेकले. "मले माहीत होतं तू इसरशीन," म्हणाले. मी चिडून ते गुडघ्यापर्यंत ओढले.

पहिला प्रयत्न. बार सहज आला आणि पंचाचा हात हलायच्या आत मी ठेवून दिला. तिन्ही पंचांचे लाल दिवे, प्रयत्न बाद. दुसऱ्यांदा थांबले, पण खांदे पडलेलेच. दोन लाल, एक पांढरा. तरीही गेलाच. भाऊंनी माझा बेल्ट नुसता एक भोक घट्ट केला.

तिसऱ्यांदा बार धरला तेव्हा मला कानात ते हसू ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, हसा. आणि उभी राहिले. गुडघे मागे, खांदे मागे, मान वर. समोर लोक बसले होते, मी त्यांच्याकडे सरळ बघितलं. पंचाचा हात खाली यायला युग लागलं. माझे हात फाटत होते. "डाउन." तीन पांढरे दिवे. भाऊ शिट्टी मारत होते आणि मी रडत नव्हते, मी अजूनही संतापलेलीच होते.

रोवणा सुरू झाल्यावर सुट्टी टाकून गावी गेले. यादीत नाव आल्याचं मायला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली आणि बांधीत उतरली. मीही साडी खोचून तिच्या शेजारी पात धरली. अर्ध्या वाटेवर मुद्दाम उभी राहिले. कमरेवर हात ठेवून.

"खांब उभा झाला व!" बायका हसल्या.

"माय, उभी राय," मी म्हटलं.

"पात होऊ दे ना."

"नाई. आत्ता राय." मी इतक्या जोरात बोलले की हसणं थांबलं.

मायने हातातली पेंडी पाण्यात टाकली. आधी गुडघ्यांवर हात ठेवले, मग मांड्यांवर, आणि थोडी थोडी वर आली. निम्म्यावर आल्यावर तिची पाठ थांबली. तिने जोर लावला, तोंड लाल झालं, पण पाठ पुढे गेली नाही. मान तिरपी करून तिने माझ्याकडे बघितलं.

"माह्यं एवढंच होते," ती म्हणाली.

ती तशीच, मांड्यांवर हात रेटून, थरथरत थांबली होती. मीच उभी केली होती, म्हणून माझ्याच सांगण्याची वाट बघत होती.

"वाकू का आता?" तिने विचारलं.

माझ्याच्याने हो म्हणवलं नाही.