पेनांगला उतरलो त्या दिवशी

खत-बियाण्यांच्या दुकानात किस्से आपोआप साठतात. राहात्याच्या माझ्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक थंडावलं की आजूबाजूचे दोन-तीन डीलर येऊन बसतात, चहा येतो, आणि कोणीतरी जुनं काहीतरी उकरून काढतं. सांगून सांगून काही किस्स्यांनी चांगलंच बाळसं धरलंय. क्रूझच्या त्या दिवसाचे किस्से मात्र मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे त्यांत मी कोणाला भर घालू देत नाही.

झालं असं, की एका कंपनीनं टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरांना सिंगापूरहून क्रूझवर नेलं. पाच दिवसांची ट्रिप. त्यातले चार दिवस आम्ही जहाजावर नुसते खात होतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक दिवस मात्र जहाज मलेशियात पेनांगच्या बंदराला लागलं आणि सगळ्यांना उतरू दिलं. आम्ही चौघं एकत्र निघालो. मी, बेलापूरचे डीलर भाऊसाहेब, त्यांच्या मिसेस कुसुमकाकू, आणि फवारणीचे पंप विकणारे नि दुरुस्त करणारे आमचे रशीदभाई.

जहाजाच्या दारात उभ्या असलेल्या ऑफिसर बाईंनी हिंदीत बजावलं, "साडेचारच्या आत परत या. पाचला जहाज निघेल, कोणासाठी थांबणार नाही."

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. आम्ही सगळ्यांनी घड्याळं लावून घेतली होती. भाऊसाहेबांनी नाही.

"गावाकडं बारा वाजता शेतीची लाइट येती," ते म्हणाले. "विहिरीवरची मोटार टाकायला गड्याला फोन करावा लागतो. घड्याळ बदललं तर मला बारा वाजलेले कसं कळायचं?"

"आणि जहाजाचं?"

"त्यात अडीच मिळवायचे. एवढं गणित येतं मला."

* * *

ऊन आपल्या एप्रिलसारखंच, फक्त घाम जास्त. दहा मिनिटं चाललो तर कोपऱ्यावर चक्क रसवंती! बघून आम्हाला माहेर भेटल्यासारखं झालं. पण यंत्र बंद पडलेलं, आणि टोपी घातलेला मालक डोक्याला हात लावून बसलेला.

रशीदभाईंनी सलाम केला, त्यानं उत्तर दिलं. दोघांची सामाईक भाषा तिथं संपली. रशीदभाईंनी बोटांनी पाना मागितला, यंत्राला कान लावला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. जहाजावर घालायला म्हणून शिवलेला पांढरा शर्ट होता तो. वीस मिनिटांनी यंत्र फिरायला लागलं आणि शर्ट काळा झाला.

मालकानं रस पाजल्याशिवाय सोडलं नाही. भाऊसाहेबांनी मात्र ग्लास बाजूला ठेवून उसाचं एक कांडं उचललं, दातानं सोललं, चावलं आणि गंभीरपणे म्हणाले, "उसाला पानी लई हुतंय. साखर उतरायची न्हाई."

निघताना रशीदभाईंनी त्या माणसाला आपल्या राहात्याच्या दुकानाचं कार्ड दिलं. "फिर से बिगडा तो फोन करना."

मी हसलो होतो. अजून दर ईदला रशीदभाईंच्या फोनवर त्याचा फोटो येतो. यंत्राजवळ उभा, अंगठा वर.

* * *

पुढं एक व्हॅन केली. ड्रायव्हर तमिळ होता, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. कुठले, विचारलं. राहाता त्याला काय कळणार, म्हणून मी सांगितलं, शिर्डीजवळचे.

त्यानं व्हॅन बाजूला घेऊन थांबवली. मागं वळून विचारलं, "किती जवळ?"

"पाच-सहा किलोमीटर."

तो खाली उतरला, माझ्या बाजूचा दरवाजा उघडला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेईपर्यंत त्यानं हात कपाळाला नेलेसुद्धा. मग डोळे पुसत विचारलं, "रोज जाता?"

माझं शेवटचं दर्शन भाच्याच्या लग्नाची पत्रिका ठेवायला गेलो होतो तेव्हाचं. त्या भाच्याची मुलगी आता शाळेत जाते.

भाऊसाहेबच मराठीत पुटपुटले, "गर्दी लई असती."

परत आल्यावर पहिल्याच गुरुवारी मी त्या ड्रायव्हरच्या नावानं रांगेत उभा राहिलो. गर्दी खरंच लई होती.

* * *

ड्रायव्हरनं आम्हाला एक चिनी देऊळ दाखवलं. आत उदबत्त्यांचा धूर, घंटेचा बारीक आवाज, भाविक डोळे मिटून उभे. आम्हीही हात जोडले. तेवढ्यात भाऊसाहेबांनी मनगटाकडं बघितलं आणि खिशातून मोबाईल काढला.

"हां, आली का लाइट? मग टाक मोटार. कांद्याला नको, आधी जनावरांच्या घासाला दे. घासाला रं, घासाला!"

सगळं देऊळ वळून बघायला लागलं. एक म्हातारे पुजारी शांतपणे आमच्याकडं आले. मला वाटलं, आता बाहेर काढणार. त्यांनी भाऊसाहेबांच्या हातात उदबत्ती दिली, मूर्तीकडं बोट दाखवलं आणि निघून गेले. त्यांना वाटलं असणार, घरी कोणीतरी फारच आजारी आहे.

* * *

शेवटी ड्रायव्हरनं आम्हाला बंदराजवळच्या चिनी वस्तीत सोडलं. पाण्यात लाकडी खांब रोवून त्यांवर घरं बांधलेली, आणि मधून फळ्यांच्या गल्ल्या. काकूंचे पाय दुखायला लागले होते. त्या एका पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी या हिंडून. मी हितंच हाय." त्यांचा फोन तिथं चालत नव्हता.

आम्ही टोकापर्यंत गेलो, बोटी बघितल्या, फोटो काढले. मी म्हटलं, निघायला हवं. भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं. "घाई काय? आत्ताशी सव्वा वाजलाय."

अडीच मिळवायचे ते विसरले होते. पावणेचार झाले होते.

पळतच मागं आलो. पायरीवर काकू नव्हत्या. त्या गल्ल्या सगळ्या सारख्याच. एकीत शिरलं की तेच दरवाजे, त्याच कुंड्या. दोन गल्ल्या झाल्या, तीन झाल्या. चार वाजून गेले. भाऊसाहेब दारादारात डोकावत होते. शेवटी एका फळीवर उभं राहून त्यांनी हाक मारली, "कुसुम..."

वीस वर्षांच्या ओळखीत त्यांच्या तोंडून काकूंचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"आले, आले," शेजारच्या घरातून आवाज आला. "वरडायला काय झालं?"

आत एक चिनी म्हातारी आणि काकू जमिनीवर समोरासमोर बसल्या होत्या. मधे मोड आलेल्या मुगाचं टोपलं. दोघी मोडांच्या शेपट्या खुडत होत्या. आम्ही काकूंना उठवलं. म्हातारीनं त्यांचे दोन्ही हात धरून काहीतरी बरंच सांगितलं. काकू म्हणाल्या, "व्हय, व्हय. जपून या."

धावतपळत जहाजावर पोचलो तेव्हा साडेचारला पाचच मिनिटं कमी होती.

"काय बोलत होतात एवढं?" मी विचारलं.

"तिची सून चांगली हाय. ल्योक लांब ऱ्हातो, त्याचा घोर हाय तिला."

"काकू, आपको चिनी आती है?" रशीदभाई म्हणाले.

"मला कुठली येती?" म्हणत काकू थेट डेकच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊसाहेब म्हणाले, चल, चहा घेऊ. त्या हलल्या नाहीत. "ती येनार हाय," म्हणाल्या.

पाचला जहाज धक्क्यापासून सुटलं. तेवढ्यात बंदराच्या कुंपणापलीकडं, रस्त्याच्या कडेला एक पिवळी छत्री येऊन थांबली. छत्रीखाली ती म्हातारी होती. तिनं मान वर करून जहाजावरची माणसं निरखली आणि हात हलवायला लागली. काकूंनीही पदर सावरून हात हलवला.

भाऊसाहेब काकूंच्या शेजारी येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "ती येनार, हे तुला कसं कळालं?"

काकूंनी हात थांबवला नाही.

"तिनंच सांगितलं की."