शंभरची गोळी

थायरॉईडची शंभरची गोळी सुरू झाली आणि वर्षभरात माझं वजन आठ किलोंनी उतरलं. रोह्याच्या बाजारात कुणी "काय गो, किती बारीक झालीस!" म्हटलं की मी दिवसभर खूश असायचे.

म्हणून पेणच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "डोस जास्त होतोय, आता पंचाहत्तरची घ्या," तेव्हा मी चिडलेच.

"मला बरं वाटतंय की!"

"छातीत धडधडतं म्हणालात ना? हात पुढे करा बघू."

बोटं थरथरत होती. मी हात मागे घेतला. "कागद बघून औषध बदलू नकोस. तुझ्याएवढी मुलगी आहे माझी."

दार उघडंच होतं. बाहेर बसलेल्यांनी ऐकलं. त्यांनी पंचाहत्तरची चिठ्ठी लिहून दिली. मी मात्र रोह्यात परतल्यावर जुनी चिठ्ठी दाखवून शंभरचीच बाटली घेतली.

दीड महिन्याने रोह्याच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. तिथे रक्त घेणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, साठीतले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मुलगा कतारला आहे, तरी त्यांनी काम सोडलेलं नाही. सुई कधी टोचली तेही कळू नये, असा हात.

रिपोर्ट आधीसारखाच आला. पेणला डॉक्टरांनी विचारलं, "पंचाहत्तरचीच घेताय ना?"

"हो."

त्यांनी विश्वास ठेवला. रक्ताची अदलाबदल झाली असावी म्हणून लॅबला फोन केला आणि मला पुन्हा रक्त द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये बसले होते. तिशीतला लॅबमालक चार पेशंटसमोर चाचांवर ओरडला, "दिसत नसेल तर घरी बसा! पेणवरून फोन येतात मला."

"नाय साहेब, नाव लिहिल्याशिवाय मी बाटली खाली ठेवत नाय."

"मग काय, मॅडम खोटं बोलतायत?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षं मी वर्गात उभी राहून हेच विचारत आले होते, खोटं कोण बोलतंय? मी पदराचं टोक पिळत बसले. त्या दिवशी चाचांना सुई दोनदा टोचावी लागली.

"माफ करा, बाई," ते म्हणाले.

रिपोर्टची वाट न बघता मी पेणची एसटी पकडली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "फोन करण्याआधी मीच नीट विचारायला हवं होतं," म्हणाल्या. मग थांबून, "चाचांना सांगितलंत?"

संध्याकाळी गेले तेव्हा लॅब बंद होत होती. मी दोघांना खरं काय ते सांगितलं. मालक हसला. "जाऊ द्या हो मॅडम, होतं असं." चाचा वापरलेल्या सुया डब्यात टाकत होते. वर न बघता म्हणाले, "आता गोळी बरोबर घ्या म्हंजे झालं."

चार माणसांसमोर गेलेली त्यांची अब्रू मी रिकाम्या बाकड्यांसमोर परत करून आले.

महिन्याभराने त्या चौघांतल्या एक बाई भाजी घेताना भेटल्या. हळूच म्हणाल्या, "त्या चाचाकडे रक्त देऊ नका हो." मी भर बाजारात त्यांना थांबवून खरं काय ते सांगितलं.

उरलेले तिघं कोण होते, मला माहीत नाही.