खाटेची जागा

पुस्तकं बांधून पोट भरणाऱ्या माणसाकडेही सरकार हिशेब मागतं, हे बाइंडरच्या काही केल्या गळी उतरेना. विवरणपत्र भरून द्यायला भाची आली होती, तर तिच्याशीच हुज्जत.

"एवढ्याशा कमाईवर कसला आलाय कर?"

"मामा, धंदा स्वतःचा असला तरी कमाई करमुक्त मर्यादेच्या वर गेली की विवरणपत्र भरायचंच. पण खर्च वजा होतो. खळ, दोरा, पुठ्ठे. एखादी खोली फक्त कामाला असेल तर तिच्या भाड्याचीही वजावट मिळते." तिने सभोवार पाहिलं. "ही आहे की. पण मग इथे ही खाट कशी चालेल?"

खाट मामीची होती. शेवटचं वर्ष ती तिथेच होती, पडल्या पडल्या पुस्तकांचे फर्मे, घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायची. ती गेल्यावर बाइंडर ओली पुस्तकं स्वयंपाकघरात वाळत घालायचा, जेवायला ताट मांडीवर घ्यायचा, पण खाटेवर साधा कागद ठेवायचा नाही. कारण दुपारी खळ ढवळताना खाटेवरून खोकला यायचा. तिचाच, कोरडा. पहिल्यांदा त्याच्या अंगावर काटा आला. नंतर तो न वळताच विचारू लागला, "पाणी देऊ?" हे सांगणार कोणाला? लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

"इथे कोणी राहत नाही ना?" भाचीने लिहिता लिहिता विचारलं.

वजावट नाही मिळाली तर कर भरण्यासाठी पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र विकावं लागणार होतं.

"नाही," तो म्हणाला.

खोटं लिहून देऊन निवांत झोपणाऱ्यांतला तो नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने खाट उचलून बोळात उभी केली आणि तिच्या जागी यंत्र सरकवलं. दुपारी खळ ढवळायला बसला, कान तिकडेच. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "पाणी देऊ?" त्याने विचारून पाहिलं. मग ते विचारणंही सुटलं.

वजावट मिळाली, यंत्र वाचलं, हातपाय पसरून काम करण्याइतकी जागा झाली. पण खोली खायला उठायची. तो उंबऱ्यात बसून पुस्तकं शिवायचा.

पुढच्या वर्षी भाची आली. "मागच्यासारखंच लिहू ना? खोली फक्त कामाला?"

"नको. तिथे कोणीतरी राहतं, असं धर."

"मग कर बसेल, मामा."

"ठाऊक आहे. यंत्र विकलं मागच्याच महिन्यात."

भाचीने आत डोकावलं. खाट जागेवर होती, धुतलेली चादर, उशाशी भरलेला पेला. तिचा आवाज खाली आला.

"मामी... येते?"

"अजून नाही आली," बाइंडर म्हणाला. "पाणी तेवढं रोज बदलतो."