उचलता येईल एवढंच

गल्लीत तिला सगळे तयारीकाकू म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. शाळेचे गणवेश शिवून देणारी ही बाई नदीजवळच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत पुराने तिचा संसार धुऊन नेला होता. मुलगा तेव्हा पोटात होता.

त्यानंतर तिने घरात नियमच करून टाकला: दोघांना उचलता येईल एवढीच वस्तू घ्यायची. त्यामुळे घरात सोफा आला नाही की मोठं कपाट आलं नाही. फ्रिज आला तोही खुर्चीएवढा. विजेचे बोर्ड छातीच्या उंचीवर, कागदपत्रं घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि छताखाली भिंतभर एक रुंद फळी. दर महिन्याला भाड्याच्याही आधी पुराचे पैसे बाजूला पडायचे. वाणसामानात हात आखडता घेऊ, चपला आणखी एकदा शिवून घेऊ, पण त्या पैशांना हात लावायचा नाही.

नवरा प्लंबर, मोकळ्या स्वभावाचा. "पाण्यावर माझं पोट चालतं आणि त्याच पाण्याने हिची झोप उडते," असं गिऱ्हाइकांना सांगून हसायचा. पण तिच्या नियमाला त्याने कधी आडकाठी केली नाही.

मुलगा मोठा झाला, डोक्याने चलाख निघाला. त्याला विमानाच्या इंजिनांची दुरुस्ती शिकायची होती. फी आवाक्याबाहेरची. म्हणजे, पुराचे पैसे सोडले तर.

"आई, अर्धे तरी दे," तो म्हणाला. "नोकरी लागली की आधी तेच भरून काढतो."

"आणि मधेच पाणी आलं तर?"

"माझ्या जन्मापासून आलंय का एकदा तरी?"

"म्हणूनच," ती म्हणाली.

नवऱ्याने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, हत्यारांच्या पिशवीत पाने भरले आणि कामावर निघून गेला. मुलाने आदळआपट केली नाही. थोड्या दिवसांनी तो लांबच्या शहरात एका गोदामात कामाला लागला. फोन नेमाने करायचा. जेवलीस का, बाबांचा गुडघा काय म्हणतोय, एवढंच बोलणं.

आणि काही वर्षांनी पाणी आलं. सकाळीच भोंगा वाजला, वरचं धरण सोडलं होतं. गल्लीत एकच पळापळ झाली. या दोघांनी मात्र तोंडातून शब्द न काढता काम उरकलं. मेन स्विच बंद, गॅस बंद, शिलाई मशीन फळीवर, गाद्या फळीवर, फ्रिज जिन्यात. मग वरच्या पायरीवर बसून ती बघत राहिली. समोरच्या बेकरीवालीचा नवाकोरा पलंग दारातून तरंगत बाहेर आला आणि खांबाला अडकला.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. घरात घोटाभर चिखल होता, पण चमचासुद्धा वाहून गेला नव्हता. नवरा दारातच थबकला. त्याचे डोळे भरून आले.

"जिंकलीस गं बाई! सगळं वाचलं."

ती हसेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं. ती फळीकडे बघत राहिली.

"फिनेल आणायला हवं," ती म्हणाली.

चिखल काढून झाल्यावर तिने मुलाला फोन लावला. सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "ते पैसे लागलेच नाहीत. तुला पाठवते. शिकून घे."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"आता कुठे गं आई. वय निघून गेलं त्या कोर्सचं." मग म्हणाला, "राहू दे, पुढच्या वेळी कामाला येतील."

तो टोमणा नव्हता. मनापासून म्हणत होता. टोमणा असता तर तिला निदान उत्तर देता आलं असतं. तिने फोन ठेवला, फडकं पिळलं आणि खिडकीचे गज पुसायला घेतले. एकदा पुसून झालेले पुन्हा पुसले.

गल्ली वाळायला लागली तशी बेकरीवाली आली. पूर्वी तयारीकाकूची सगळ्यात जास्त चेष्टा हिनेच केली होती.

"काकू, आता हसणार नाही तुम्हाला. मला सगळं नीट सांगा."

तयारीकाकूने सांगितलं. फळी कशी ठोकून घ्यायची, बोर्ड किती उंच, आधी काय बंद करायचं, आधी काय उचलायचं. आवाज सपाट, जणू गणवेशाचं माप सांगत होती.

"आणि पैसे? महिन्याला किती बाजूला टाकायचे हो?"

तयारीकाकूने सुईत दोरा ओवला. पहिल्यांदा चुकला, मग ओवला गेला.

"ते तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली.

बेकरीवाली आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली. पण मशीन सुरू झालं होतं. शाळा पुन्हा उघडायच्या होत्या, आणि निम्म्या गल्लीतल्या पोरांचे गणवेश वाहून गेले होते.