खंडेनवमीची साफसफाई

नगरच्या एमआयडीसीतल्या एका डाय-मोल्डच्या कारखान्यात भागवत बरीच वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता. जुनं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेना, म्हणून त्यानं अख्खा जुना कॉम्प्युटरच नव्याच्या पोटात, एका भल्यामोठ्या फाइलमध्ये बसवला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. सगळी डिझाइनं त्यातच. ही फाइल मोठी खादाड. आतलं कितीही पुसा, बाहेरून फुगलेली ती फुगलेलीच. म्हणून दर खंडेनवमीला, लेथ पुसून झेंडू वाहण्याआधी, भागवत तिला कॉम्पॅक्ट करायचा: आतला कामाचा माल एका टेम्पररी फाइलीत हलायचा आणि अगदी शेवटी तिलाच जुन्या फाइलीचं नाव मिळायचं. मग मागं उरलेल्या बाकीच्या टेम्पररी फाइली तो झाडून काढायचा.

यंदा डिस्कवर जागा कमी पडली, तर या शहाण्यानं आधी बॅकअपच उडवला. कॉम्पॅक्टचं काम लावून तो फुलं आणायला गेला. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या रंगुबाईंनी हळदकुंकू लावायचं म्हणून यूपीएसचं बटण बंद केलं. पूजेच्या दिवशी यंत्राला विसावा द्यायचा, एवढं त्यांना ठाऊक होतं.

भागवत परतला, काम उरकलं असेल असं धरून मशीन चालू केलं. दोन फाइली शेजारीशेजारी: एक ओळखीच्या नावाची, दुसरी टेम्पररी. दरवर्षीसारखी त्यानं टेम्पररी कायमची पुसली आणि मोकळ्या जागेत लगेच दुसरं काम लावलं. साइज बघायला कितीसा वेळ लागला असता? वीज गेली तेव्हा फक्त नाव बदलायचं राहिलं होतं; सगळी डिझाइनं टेम्पररीत जाऊन पोचली होती, आणि आता त्यांच्या जागेवर दुसरं काम लिहिलं गेल्यानं ती परत मिळण्यासारखी नव्हती. ओळखीच्या नावाचं नुसतं टरफल उरलं होतं.

मालक हनुमंतशेठना त्यानं त्याच दुपारी सरळ सांगितलं, "रंगुबाईंनी बटण बंद केलं, पण त्यानं काही गेलं नव्हतं. मी पुसलं म्हणून गेलं."

शेठना टेम्पररी फाइल कळेना. बटण मात्र लगेच कळलं. त्यांनी रंगुबाईंना कामावरून काढलं आणि भागवतला ठेवलं, कारण डिझाइनं पुन्हा उभी करायला तोच लागणार होता. भागवत भांडला, राजीनाम्याची भाषा केली, आणि शेवटी राहिला. स्वतःची एवढी किळस त्याला कधी आली नव्हती.

दिवाळीआधी तो केडगावला रंगुबाईंच्या घरी गेला. दिवेलागण होऊन गेली होती, तरी घरात अंधार.

"लाईट गेली का, मावशी?"

"न्हाई. सून यील कामावरनं, ती लावंल. मी न्हाई आता बटनाला हात लावत."

"चूक माझी हाय मावशी. तुमची न्हाई."

"तू चांगला हायेस, म्हनून म्हनतोस बाबा," रंगुबाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला अंधारातच चाचपडत आत गेल्या.